आवाज कुणाचा, पैसे कुणाला?



पवईत राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की हल्ली एकच प्रश्न येतो: एआय डबिंगवाल्यांच्या नोकऱ्या खाणार का? खाणार, आणि आधी नवशिक्यांच्या.

२०२१च्या 'पुष्पा'त हिंदीत अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेचा होता. असा आवाज निर्माता मुद्दाम मागून घेतो. पण गर्दीतला आवाज, हवालदार, दुकानदार? यंत्र बोलणं लिहून काढतं, भाषांतर करतं आणि मूळ नटाच्याच आवाजात बोलून दाखवतं. नवे कलाकार मात्र याच किरकोळ कामांवर तयार होतात.

डबिंगचा लेखक तर कुणाच्या खिजगणतीत नसतो. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, ब, म असलेला शब्द शोधायचा, वाक्यही तेवढ्याच वेळात बसवायचं. आता एआय पडद्यावरचे ओठच बदलतं! मग त्याचं कसब कोण विचारणार?

परवानगीवाचून अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करायला मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये मनाई केली. पण तो अरिजित. एपिसोडमागे पैसे घेणाऱ्या मुलीला कोर्ट कुठलं परवडायला? हॉलिवूडच्या कलाकारांनी २०२३मध्ये ११८ दिवस संप करून संमती आणि मोबदल्याची कलमं मिळवली. आपल्याकडेही करारात तेच हवं: रेकॉर्डिंग यंत्राला शिकवायला वापरणार असाल तर वेगळी संमती, वेगळे पैसे.

बॅचमधल्या वकिलांनी जेवणानंतर मला गाठावं. असं कलम साध्या मराठीत लिहून हवंय.