तांडव, लास्य आणि आपला राहून गेलेला धडा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'योग आणि नृत्यातून स्त्री-पुरुष ऊर्जेचा समतोल'. तो जाहीर झाल्यावर मागच्या बाकांवर जी खसखस पिकली ती मला ऐकू आली. दहावीनंतर एवढी वर्षं लोटली, पण मागच्या बाकांना फरक नाही! 'ऊर्जा' हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय, म्हणून तो बाजूला ठेवते. कथक शिकवताना आणि योगवर्ग घेताना माणसांच्या शरीरात जे दिसलं, तेवढंच सांगते.

आपल्या नृत्यपरंपरेत दोन शब्द आहेत, तांडव आणि लास्य. तांडव म्हणजे जोर, ठाम पाय, मोठा विस्तार. लास्य म्हणजे मार्दव, वळण, भाव. तांडव शिवाचं, लास्य पार्वतीचं. पार्वतीने ते बाणासुराच्या मुलीला, उषेला शिकवलं आणि तिने द्वारकेच्या गोपींना, अशी कथा 'संगीतरत्नाकरा'त आहे. हा ग्रंथ शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या पदरी असताना लिहिला.

यावरून वाटेल की एक पुरुषांचं आणि एक बायकांचं, अशी वाटणी झाली. पण देवळं बघा. भरतमुनींनी तांडवाच्या अध्यायात १०८ करणं सांगितली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात त्यातली ८१ करणं शिव करतो आहे. आणि चिदंबरमच्या गोपुरांत तीच करणं स्त्रिया करताना कोरल्या आहेत! आपल्या घारापुरीला अर्धनारीश्वराची मूर्ती आहे. उजवं अंग शिवाचं, डावं पार्वतीचं, पण उभं राहणारं शरीर एकच.

नाचाच्या वर्गात तर ही वाटणी टिकतच नाही. कथकच्या तत्कारात पाय दणदणीत पडले पाहिजेत, आणि त्याच वेळी मनगट रुमालासारखं मऊ हवं. मनगट ताठलं की नाच कवायत होतो, पाय ढिले पडले की ताल सुटतो. गतभावात मी कृष्ण होऊन वाट अडवते, एक पलटा घेते आणि त्याच कपड्यांत घागर सावरणारी राधा होते. तेवढ्या एका गिरकीत खांद्याचा ताठा जातो, नजर बदलते. हे विद्यार्थ्याला जमायला वर्षं लागतात, मग तो मुलगा असो की मुलगी.

योगातही तेच. हठयोगातल्या 'ह'चा अर्थ सूर्य आणि 'ठ'चा चंद्र, असा परंपरेने लावला आहे. उजवीकडची पिंगला सूर्याची, डावीकडची इडा चंद्राची. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, ते स्थिर हवं आणि सुखाचं हवं.

आता सगळ्यांनी एक करा. नाकाखाली आडवं बोट धरा आणि श्वास सोडा. सरांनीसुद्धा! बहुतेकांना एका नाकपुडीतून जास्त हवा येताना जाणवेल. काही तासांनी ती बाजू बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, आणि आपल्या जुन्या स्वरशास्त्रात चंद्रस्वर-सूर्यस्वर आहेतच. मला यातून एक गोष्ट पटली. समतोल म्हणजे तराजूसारखं निम्मं-निम्मं नव्हे. शरीर पाळीपाळीने काम करतं. एक बाजू पुढे येते, दुसरी विसावते, मग उलट. अडचण होते ती एकच बाजू कायमची बंद राहिली तर.

आणि आपल्या पिढीची एकेक बाजू बंद ठेवली गेली. मल्लखांब मुलांना, फुगडी मुलींना. गॅदरिंगच्या कोळीनृत्यात मुलगे वल्ही मारणार, मुली टोपली घेऊन कमरेत लचकणार. एखादा मुलगा चुकून लचकला तर 'बायल्या' ही हाक त्याला वर्षभर पुरायची. एखादी मुलगी मल्लखांबाजवळ रेंगाळली तर ती आगाऊ. यात कुणा एकाचा दोष नव्हता, तेव्हा सगळीकडे असंच होतं. पण त्याचा हिशेब साठीच्या आसपास शरीर मागतं.

माझ्या वर्गात येणाऱ्या बायकांना वीरभद्रासनासाठी पाय लांब टाका म्हटलं, की त्या दीड फुटावर थांबतात आणि शेजारणीला विचारतात, 'लागलं नाही ना गं?' घर, सासर, नोकरी सगळं पेललं, पण स्वतःसाठी चार फरशा घ्यायला संकोच वाटतो. पुरुषांचं उलट. जोराचं काहीही सांगा, लगेच करतील. शवासन सांगा, मुठी उघडत नाहीत.

आपल्यातला एक जण दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. त्याच्या परवानगीने सांगते. ओळखलंत तरी वळून बघू नका. पत्नी जाऊन आठ महिने झाले होते. सगळे विधी, बँकेची कामं, मुलीची समजूत, सगळं त्याने निभावलं होतं. झोप मात्र येत नव्हती, आणि डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सुरुवातीला फक्त श्वास, सावकाश बाहेर सोडायचा. मग साधा अभिनय, यशोदा बाळाला घास भरवते. तिसऱ्या आठवड्यात घास भरवता भरवता त्याचा हात मध्येच थांबला आणि तो रडला. वर्गातल्या कुणीही त्याला 'धीर धर' म्हटलं नाही. आम्ही ठेका चालू ठेवला. नाचाने दुःख गेलं, असं मी म्हणणार नाही. पण ते बाहेर यायला वाट झाली. आता तो नातीची वेणी घालतो, असं तोच अभिमानाने सांगतो.

म्हणून या वयात माझं एवढंच सांगणं आहे. जो अर्धा भाग आपल्याला दिला नाही, तो आता रोज दहा मिनिटं मागून घ्या. मैत्रिणींनो, भिंतीशेजारी उभ्या राहा, पाय ऐसपैस टाका, हात पूर्ण पसरा, टाच वाजवा, आवाज येऊ द्या. मित्रांनो, पाठीवर पडा, तळवे उघडे ठेवा, श्वास लांब सोडा, आणि एखाद्या गाण्यावर नुसती मनगटं फिरवा. गुडघे कुरकुरत असतील किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारा, आणि श्वास कोंडून धरू नका.

संध्याकाळच्या कार्यक्रमात कोळीनृत्य आहे असं कळलं. वल्ही आमच्याकडे द्या. टोपल्या तुम्ही घ्या. आणि लचकताना लाजू नका, आज हाक मारणारं कुणी नाही.