‘कशावरून?’ असं विचारणारी मुलं

लावणीचे दिवस आहेत. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आपण सगळ्याच दिवसभर चिखलात उभ्या आहोत. म्हणून आज मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलायचं असलं, तरी सुरुवात सापापासून करतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मुलांनी ही नावं पेपरात लिहिली की मार्क मिळतात. पण घरात कुणाला साप चावला आणि थोरलं माणूस म्हणालं, “आधी मांत्रिकाकडं न्या, त्याच्या हातचे कितीतरी बरे झालेत,” की तेच पोर गप्प बसतं.

बरं, ते बरे झाले हे खोटं नसतं. खरी मेख तिथंच आहे. समजा, मांत्रिकाकडं दहा जण गेले. बरेचसे साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या. सात जणांना तसलेच चावले. उरलेल्या तिघांना विषारी साप चावला, पण विषारी साप दरवेळी विष सोडतोच असं नाही. त्यातला एक तसा सुटला. म्हणजे आठ जण मंत्राशिवायही जगलेच असते. गावात चर्चा होते ती या आठांची. जे दोघं गेले त्यांच्याबद्दल “आणायला उशीर झाला” एवढंच बोललं जातं. खरं तर त्यांना वेळेत सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळायला हवं होतं.

“साप कोणता होता? जे वाचले नाहीत ते किती?” हे विचारता येणं म्हणजे चिकित्सक विचार. नाव जड आहे, काम आपल्या आवाक्यातलं.

डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत गावोगाव फिरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. पण रात्री अकरा वाजता डोंगरातल्या वाडीवर कायदा येऊन उभा राहत नाही. तिथं घरातल्याच कुणीतरी बोलावं लागतं. चावलेला हात-पाय हलवू नका, जखम कापू नका, आवळून बांधू नका, १०८ ला फोन लावा, हे शाळेत जाणारी मुलगी सांगू शकते. तिचं ऐकलं जाईल का, हा प्रश्न आहे.

“मोठ्यांना उलट बोलू नको,” हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! मुलींना तर जास्तच. आणि गटाच्या बैठकीत? सचिवताईंनी शिल्लक सांगितली की कुणीतरी मावशी म्हणतेच, “वही वाचून दाखवा.” त्याला कुणी उलट बोलणं म्हणत नाही. मग घरात पोरीनं “कशावरून?” विचारलं तर राग का यावा?

एक हिशोब मुलांना घालून बघा. कर्ज १२,००० रुपये, दर महिन्याला १,००० मुद्दल फेडायचं. आपला गट उरलेल्या रकमेवर महिना २ टक्के घेतो. बाहेरचा एजंट म्हणतो, “आमचा फक्त १ टक्का,” पण तो शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वर लावतो. गटाचं वर्षाचं व्याज १,५६० होतं, एजंटचं १,४४०. ऐकताना निम्मं वाटलेलं व्याज १२० रुपयांनीच कमी निघतं. वर गटाचं व्याज आपल्याच पेटीत राहतं! आठवीतली मुलगी हे वहीवर मांडू शकते. पण “१ टक्का कशावर?” हे तिला सुचलं पाहिजे.

आपल्यापैकी काहीजणी चौथीच्या पुढं गेलेल्या नाहीत. त्यांना वाटतं, मुलांच्या प्रश्नांना आपण काय उत्तर देणार? नका देऊ. “मलाही ठाऊक नाही, उद्या बाईंना विचार आणि मला येऊन सांग,” एवढं म्हटलं तरी पोर दुसऱ्या दिवशी विचारून येतं. शाळेच्या पालकसभेला आपण जातो, मार्क किती पडले ते विचारतो आणि परत येतो. या वेळी बाईंना आणखी एक विचारा: आमची पोरगी वर्गात प्रश्न विचारते का?