तीन हातांतली आग

शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला कशाकशाची भीती वाटते, ते भूलतज्ज्ञ म्हणून मी जन्मभर ऐकत आलो. शुद्ध येईल ना? मध्येच जाग आली तर? रक्त फार जाईल का? आगीचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

एके काळी हिची धास्ती आम्हा डॉक्टरांनाच होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्यांनी सर्वांसमक्ष ईथरची भूल दिली आणि शस्त्रक्रियेतली वेदना थांबली. पण ईथर पेट घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती जमिनीलगत साचते. पुढे आलेला सायक्लोप्रोपेन वायू तर स्फोटकच. कपड्यांच्या घर्षणाची एक ठिणगी पुरे, म्हणून थिएटरची फरशीसुद्धा वीज वाहून नेणारी बसवत. १९५६ मध्ये न पेटणारं हॅलोथेन वापरात आलं. ईथर हळूहळू मागे पडलं, आणि त्याच्याबरोबर धाकही ओसरला.

ठिणगी मात्र थिएटरात आधीच येऊन बसली होती. १ ऑक्टोबर १९२६ रोजी, पुन्हा बोस्टनमध्येच, सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचं विजेवर चालणारं यंत्र वापरून एका रुग्णाच्या डोक्यातली रक्ताळ गाठ काढली. त्याच यंत्राची आजची पिढी म्हणजे कॉटरी. ती कापते आणि रक्तही थांबवते. तिच्याविना आज क्वचितच कुठली मोठी शस्त्रक्रिया होत असेल.

आगीला तीन गोष्टी लागतात, हे आपण शाळेत शिकलो. थिएटरात त्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतात. ठिणगी सर्जनकडे. सरपण, म्हणजे कापड, कापूस, स्पिरिट, हे बरंचसं सिस्टरांच्या ताब्यात. आणि प्राणवायू माझ्याकडे. प्रत्येकजण आपलं काम चोख करतो, आणि तरीही आग लागते, कारण शेजारच्याच्या हातात या क्षणी काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.

माझ्या उमेदीच्या काळातली गोष्ट. भुवईवरची एक लहानशी गाठ काढायची होती. रुग्णाला थोडी गुंगी दिलेली, नाकाशी प्राणवायूची नळी, वर कापडाचा तंबू. माझ्या हातून प्राणवायू गरजेपेक्षा जास्त सोडला गेला होता. तो कापडाखाली साठत राहिला. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. त्या तंबूत तो त्याच्या कितीतरी पट झाला असणार. सर्जननी कॉटरी टेकवली आणि निळसर झळ भुवईवरून सरकली. सिस्टरांनी त्याच क्षणी कापड ओढून काढलं, म्हणून केसांवर निभावलं. त्या रुग्ण बाईंनी नंतर मला एवढंच विचारलं, “डॉक्टर, माझ्या चेहऱ्याला चटका का बसला?” मी खरं ते सांगितलं.

त्या दिवसापासून चेहरा, मान, छाती यांच्या शस्त्रक्रियेत कॉटरीआधी मी मोठ्याने सांगत आलो: “प्राणवायू कमी करतोय, थोडं थांबा.” रुग्णाला झेपत असेल तर तो ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा. स्पिरिटयुक्त औषधाने त्वचा पुसली, तर ती किमान तीन मिनिटं वाळू द्यायची. केसाळ जागी त्याहून पुष्कळ जास्त. पाठीखाली ओघळलेला थेंबही टिपायचा. तीन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. सगळे हातमोजे घालून उभे असले की ती फार लांबतात, आणि तिथेच घाई होते.

सर्वांत अवघड आग श्वासनलिकेतली. तिथे प्लॅस्टिकची नळीच पेटते. ज्या नळीवर रुग्णाचा श्वास आहे, तीच उपसून काढायची, वायू बंद करायचे, घशात सलाइन ओतायचं, आणि हे सगळं एकदमच. नळी जपायची हे आमच्या बोटांत इतकं मुरलेलं असतं की ती काढायला हात धजत नाही. म्हणून याची तालीम करायची असते. रुग्णालयातली आग म्हटली की लोकांना आठवते ती मात्र निराळीच. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर रुग्णालयांतल्या वायरी आणि बाहेर पडायच्या वाटा तपासण्याविषयी आपण बोलू लागलो, आणि ते हवंच होतं. कापडाखालची आग मात्र त्या तपासणीत दिसत नाही.

आता धूर. कॉटरीने पेशीतलं पाणी उकळतं, पेशी फुटते, आणि त्या वाफेतून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड असली द्रव्यं बाहेर पडतात. लेझरने चामखीळ जाळताना निघालेल्या धुरात विषाणूचा डीएनए सापडलेला आहे. आमचा साधा मास्क रुग्णाच्या जखमेला आमच्या थुंकीपासून वाचवतो; इतके बारीक कण तो अडवू शकत नाही. उपाय आहे: धूर ओढणाऱ्या यंत्राची नळी जखमेपासून दोन इंचांच्या आत धरायची. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१८ मध्ये त्यासाठी कायदाच केला. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे यंत्र खर्चाच्या यादीत तळाशी राहतं, याचं मला फार वाईट वाटतं. सर्जन आपली केस संपवून बाहेर पडतो. सिस्टर आणि वॉर्डबॉय पुढच्या केससाठी तिथेच उभे असतात.

आमच्या एक सिस्टर बत्तीस वर्षं थिएटरात होत्या. निरोपाच्या दिवशी त्या म्हणाल्या, “घरी गेले की आधी डोक्यावरून अंघोळ करते. त्याशिवाय नातू जवळ येत नाही, जळका वास येतो म्हणतो.” इतकी वर्षं मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसत होतो. धुराविषयी त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.