कृष्णाकाठी आपले स्वागत

गावोगावच्या महाविद्यालयांतून आलेल्या ग्रंथपाल बंधुभगिनींनो,

समस्त वाईकरांच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत. सुरूरच्या फाट्यावर आमचे स्वयंसेवक फलक घेऊन उभे होते, तरी एक गाडी पसरणीचा घाट चढून थेट पाचगणीला गेली. त्या मंडळींना आता सुखरूप खाली आणलं आहे; त्यांचा चहा व्हायचा आहे, तेवढं कुणीतरी बघा.

मी पेशानं वकील. संशोधन प्रकाशन आणि मुक्त प्रवेश हा आपला विषय, आणि मला स्वागताध्यक्ष केलं ते वर्गणी मागताना मी लाजत नाही म्हणून. तेव्हा विषयाकडे येतो, पण आमच्या गावावरून.

सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेला ढोल्या गणपती आपण पाहालच. त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. पण घाट आणि गणपती पाहून परतणाऱ्याला वाई अर्धीच दिसते. खरी वाई प्राज्ञपाठशाळेत आहे. नारायणशास्त्री मराठे यांनी ती १९१६ साली काढली. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या या गुरूंचं नाव आज वाईतल्या मुलांनाही सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. नारायणशास्त्रीबुवांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. धर्मकोशाचं काम याच गावात उभं राहिलं, त्याचा पहिला खंड १९३७ साली निघाला. असल्या ग्रंथाला गिऱ्हाईक किती मिळणार, याचा हिशेब मांडला असता तर एकही पान छापलं गेलं नसतं.

१९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन एक तरुण शास्त्रीबुवांकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला आला. विनोबा भावे. त्यांनी इथं विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालय सुरू केलं. पुस्तकांना पैसे कुठून आणायचे? तर मुलांनी लोकांचं धान्य जात्यावर दळून द्यायचं आणि आलेली मजुरी वाचनालयात घालायची! ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकावर आपण दोन दिवस बोलणार आहात, म्हणून मुद्दाम सांगितलं. आपल्याला दळायला लावण्याचा आमचा विचार नाही.

पुढे तर्कतीर्थांमुळे मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत आलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. ते जाडजूड खंड घरी घेणं सगळ्यांनाच कुठून परवडणार! २०११ पासून मात्र विश्वकोश संगणकावर विनामूल्य खुला झाला. सरकारी पैशातून झालेलं ज्ञान सरकारला पैसे देणाऱ्यांनी फुकट वाचावं, एवढाच मुक्त प्रवेशाचा अर्थ असेल, तर तो वाईला नवा नाही.

परिषदेच्या तयारीत मला जे समजलं, त्यानं मी चक्रावलो. प्राध्यापक लेख लिहितो, मानधन नाही. दुसरा प्राध्यापक तो तपासतो, त्यालाही बहुधा काही नाही. आणि तोच अंक त्यांच्याच ग्रंथालयानं जबर वर्गणी भरून घ्यायचा. म्हणजे आपल्या रानातला ऊस कारखान्याला फुकट घालायचा आणि साखर दुकानातून विकत आणायची. त्यावर तोड म्हणून आता बऱ्याच ठिकाणी लेखकाकडूनच छापण्याचे पैसे घेतात म्हणे, मोठ्या नियतकालिकांत लाखांच्या घरात. याला मी तोड म्हणणार नाही. वाचणाऱ्याच्या खिशातला हात काढून लिहिणाऱ्याच्या खिशात घातला, इतकंच.

केंद्र सरकारनं २०२५ पासून तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली केली. चांगलंच झालं. पण तीन वर्षांनंतर काय, हा वकिली प्रश्न मी तज्ज्ञांपुढे ठेवतो. त्यापेक्षा मला विद्यापीठांच्या प्रबंधांची 'शोधगंगा' भावते. प्रबंध एकदा तिथं ठेवला की गडचिरोलीतल्या मुलालाही तो वाचता येतो, आणि कुणी कुणाचं उचललं तेही उघड होतं. काहींना हे दुसरं गैरसोयीचं वाटतं, असं ऐकतो.

असो. व्यवस्थेत उणिवा आहेत, त्या पदरात घ्याव्यात. सभागृहातले दोन पंखे आज सकाळीच रुसले. वायरमन येतो आहे. धर्मशाळेत उतरलेल्यांना गरम पाणी साडेसहापर्यंतच मिळेल. महिला प्रतिनिधींची सोय मधल्या आळीतल्या घरांतून केली आहे, आणि त्या घरच्या माउलींनी जेवल्याशिवाय बाहेर सोडणार नाही असं बजावलं असल्यानं पहिलं सत्र उशिरा सुरू झालं, तर दोष माझा धरावा. गंगापुरीतल्या एका व्यापाऱ्यांनी दोन्ही दिवसांचा शिधा दिला, नाव घेऊ नका म्हणाले. मंडपवाल्यांनी निम्म्याच दरात काम केलं. भाजी मंडईतून आली, दूध सिद्धनाथवाडीतून. रिक्षावाल्यांनी स्टँडपासून पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. कुणी घेतले असतील तर मला हळूच सांगा. या सर्वांचे, नगरपालिकेचे आणि ज्यांची नावं राहिली त्यांचे आभार.

उद्या सकाळी सहाला मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा दाखवायला गाडी निघेल. जागा चाळीस आहेत. येणाऱ्यांनी आज जेवणाआधी नावं द्यावीत.