क्लाउडचे अनपेक्षित बिल

क्लाउड म्हणजे भाड्याने घेतलेला, दुसऱ्याच्या जागेत चालणारा संगणक. भाडे तासांवर, साठवणीवर आणि बाहेर जाणाऱ्या डेटावर ठरते. मायक्रोसॉफ्टने ॲझ्यूर या सेवेचे एक केंद्र 2015 मध्ये पुण्यातच सुरू केले. केंद्रांच्या यादीत त्याचे नाव 'सेंट्रल इंडिया' असे दिसते. पुण्यात स्वारगेटच्या खोलीत सराव करणाऱ्या विद्यार्थ्याने ते निवडले, तर त्याचे मशीन याच शहरात चालते. लॅपटॉप मिटला तरी ते चालूच राहते. स्वारगेटला रिक्षा थांबवून ठेवली, तरी मीटरवर वेटिंग पडतेच, तसेच हे.

नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत 'बंद' करण्यात होते. ॲझ्यूरमधील मशीन आतूनच, म्हणजे विंडोजच्या मेनूतून शटडाउन केले, तर ते थांबते, पण त्याच्यासाठी राखलेली जागा सुटत नाही आणि तासांचे भाडे चालू राहते. ते ॲझ्यूरच्या वेब पोर्टलवरून थांबवावे लागते; तिथे 'डीॲलोकेटेड' हा शब्द दिसला, की तासांचे भाडे थांबते. तरीही डिस्कचे पैसे लागतातच, राखून ठेवलेल्या आयपी पत्त्याचेही, म्हणजे मशीनच्या इंटरनेटवरील पत्त्याचेही, लागतात. ॲमेझॉनने तर आपल्या क्लाउड सेवेत 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-4 पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारणे सुरू केले. महिनाभरात त्याचे साडेतीन डॉलरच्या वर होतात.

'मोफत' या शब्दालाही मर्यादा आहे. महिन्याला 750 तास मोफत अशी सवलत असेल, तर 31 दिवसांच्या महिन्याचे 744 तास एका लहान मशीनला पुरतात. दोन मशीन सतत चालवली, तर सोळाव्या दिवशी सवलत संपते. मोठ्या आकाराचे मशीन निवडले, तर ती लागूच होत नाही.

सर्वांत घातक चूक वेगळीच. प्रोग्रॅममध्ये लिहिलेली क्लाउड खात्याची गुप्त किल्ली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडी राहिली, तर अशा किल्ल्या शोधणारे प्रोग्रॅम ती काही मिनिटांत उचलतात आणि त्या खात्यावर मोठमोठी मशीन चालवतात.

बिल आलेच, तर कार्ड बंद करून भागत नाही. देणे तसेच राहते. बिलाच्या पानावर कोणत्या सेवेचे आणि कोणत्या केंद्राचे पैसे लागले ते पाहावे. ते मशीन, त्याची डिस्क आणि पत्ता काढून टाकावा, किल्ल्या बदलाव्यात. मग कंपनीच्या मदत विभागाला तारखांसह खरी हकीकत कळवावी. पहिल्या चुकीला रक्कम माफ झाल्याची उदाहरणे आहेत, पण तो ग्राहकाचा हक्क नाही.

बजेटची सूचना पहिले मशीन घेण्याआधीच लावून ठेवावी. मात्र वेगळी व्यवस्था केली नसेल, तर ही सूचना फक्त ईमेल पाठवते, मशीन थांबवत नाही. ते काम खातेदारालाच करावे लागते.