मिठीकाठचे उद्यान

मुंबईत धारावीलगत मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकर जागेवर एकेकाळी शहराचा कचरा टाकला जात असे. त्याच कचऱ्यावर माती पसरून वृक्षारोपण करण्यात आले आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान जनतेसाठी खुले झाले. आज तेथे दाट वनराई आहे. रोपे लावणे एका दिवसाचे काम. आळी, पाणी, राखण यांत वर्षे जातात. उद्घाटनाच्या फलकावर मात्र माळ्याचे नाव नसते!

काठ सुधारला, नदी नाही. मिठीत सांडपाणी आजही येते. यास्तव गावतळ्याकाठी बाग आखणाऱ्या पंचायतीने बाके मागविण्यापूर्वी गावची गटारे कोठे उतरतात ते पाहावे आणि माळ्याच्या वेतनाची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठेवावी.