पाळीचे दुखणे : पालकांशी दोन शब्द



पुरुष शिक्षकाने या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हजेरीपट माझ्या हाती असतो. एखादी मुलगी दर महिन्याला दोन दिवस गैरहजर असते आणि चिठ्ठीत ‘पोट दुखते’ एवढेच असते. अशा एका मुलीला मी वर्गासमोर बहाणेबाज म्हटले होते. ती चूक माझीच.

हे दुखणे खरे असते. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, रक्तपुरवठा तात्पुरता कमी पडतो आणि कळा येतात. कंबर भरून येते, कधी उलट्याही होतात. गरम पाण्याची पिशवी आणि थोडे चालणे-फिरणे यांनी आराम पडतो. आंघोळ टाळण्याचे काहीच कारण नाही. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी सांगितली असेल, तर ती कळ असह्य होण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच, खाऊन घ्यावी. दमा, पोटातील अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये.

आता रमजानचे बोलू. या दिवसांत नमाज माफ आहे आणि रोजे नंतर पुरे करायचे असतात, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. तरीही अब्बा आणि भावांपुढे लाज नको म्हणून कित्येक मुली दिवसभर रोजा असल्याचे भासवतात. पाणी नाही, घास नाही, मग गोळी कशी घेणार? धर्माने दिलेली सवलत आपण घरात लाजेपायी काढून घेतो. हजच्या प्रवासात पाळी आली म्हणून हजरत आयेशा (रजि.) रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांची विचारपूस करून धीर दिला आणि तवाफ सोडून बाकीचे विधी करण्यास सांगितले. तेथे लपवालपवी नव्हती.

दुखणे दाबून ठेवल्याने काय होते ते पाहा. आपल्या आळंदी-चाकण पट्ट्यात कामासाठी मराठवाड्यातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांना बीडची हकीकत ठाऊक असेल. ऊसतोडीत एक खाडा झाला तरी दंड कापला जाई. पाळीच्या आणि पोटाच्या तक्रारींवर साधे उपचार होण्याऐवजी तरुण स्त्रियांची गर्भाशयेच काढली गेली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

म्हणून दुखणे दर महिन्याला वाढत असेल, गोळीने थांबत नसेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा तासा-तासाला पॅड बदलावे लागत असेल, तर मुलीला डॉक्टरांकडे न्या. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. ‘लग्नाआधी तपासणी कशी करायची?’ असे माता विचारतात. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते. आतून तपासणीची सहसा गरज पडत नाही. मात्र सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. एंडोमेट्रिओसिससारखा आजार तीत नेहमी दिसतोच असे नाही.

मुलींनो, कॅलेंडरवर तारखेपुढे किती दुखले आणि कोणती गोळी घेतली, एवढे लिहीत जा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.